पांघरलेले कातडे

वाघाचे कातडे पांघरून शेतात चरणाऱ्या गाढवाची पंचतंत्रातील गोष्ट आपण सर्वांनी लहानपणी ऐकलेली आहे. गाढव ओरडले आणि त्याचे बिंग फुटले. गोष्टीचे तात्पर्य काहीही असो, तिच्यात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. प्राण्याची ओळख आपल्याला प्रथम पटते ती त्याच्या कातड्यावरून. वाघ आपण पट्ट्यांवरून ओळखतो, चित्ता ठिपक्यांवरून ओळखतो. हाडांचा सांगाडा पुढे ठेवला, तर वाघ कोणता आणि सिंह कोणता हे सांगताना भलेभले थबकतील.

आज मी आपणांस जी हकीकत सांगणार आहे ती या गोष्टीच्या नेमकी उलट आहे. येथे एका हिंस्र प्राण्याच्या अंगावर दुसऱ्याच, गवतपाला खाणाऱ्या प्राण्याचे कवच चढविण्यात आले. पांघरणारा प्राणी त्याआधी साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच नाहीसा झालेला होता, तेव्हा त्याच्याकडे काही दोष जात नाही. कवच चढविले ते माणसाने, आणि तेही मोठ्या विद्वत्तेने व सद्भावनेने. हे घडले आपल्याच देशात, नर्मदेकाठच्या जबलपुरास.

डायनासोर हा शब्द आता शाळकरी मुलांच्याही तोंडी आहे. त्यांतील मांसभक्षक जातींची चित्रे आपण पाहतो, तेव्हा त्यांच्या अंगावरील खवले, पाठीवरील काटे, गळ्याखालची वळकटी हे सारे इतक्या बारकाव्याने काढलेले असते की चित्रकाराने तो प्राणी समोर उभा करून चित्र रेखाटले असावे असे वाटते. वस्तुतः शास्त्रज्ञांच्या हाती येतात ती बहुधा हाडे आणि दात. १८२४ साली इंग्लंडात विल्यम बकलंड यांनी ‘मेगॅलोसौरस’ या मांसभक्षकाचे वर्णन प्रसिद्ध केले. शास्त्रीय नाव मिळालेला हा पहिला डायनासोर. पुढे १८५४ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या बागेत त्याचा भव्य पुतळा उभा राहिला आणि त्याच्या सर्वांगावर शिल्पकाराने खवले कोरले. त्या खवल्यांना आधार होता तो सुसरी-सरड्यांच्या साम्याचा. जमिनीतून त्या प्राण्याच्या कातड्याचा तुकडाही कोणाला मिळालेला नव्हता. पुतळा आजही तेथे आहे, आणि अनुमान व पुरावा यांतील अंतर किती असू शकते याची साक्ष देत आहे.

कातडे म्हणताना आपल्याला दोन गोष्टींत भेद करावा लागतो. पुढील सर्व हकीकत या भेदावरच उभी आहे. एक म्हणजे खवला. तो नखासारख्या, शिंगासारख्या द्रव्याचा असतो आणि कातड्याच्या पृष्ठभागावर येतो. दुसरी गोष्ट म्हणजे कातड्याच्या आत तयार होणारी हाडाची चकती. तिला आपण कवचाचे हाड म्हणू. खवला कुजतो, हाड टिकते. म्हणून जमिनीत कवचाच्या चकत्या पुष्कळ मिळतात. खवला मात्र मिळालाच तर ठशाच्या रूपाने मिळतो.

हा भेद डोळ्यांनी पाहावयाचा असेल, तर त्यासाठी फार दूर जावयास नको. मी ज्या लखनौ शहरात राहतो, तेथील इंदिरा नगर या वस्तीच्या कडेला कुकरैलचे राखीव जंगल आहे. तेथे वनखात्याने १९७८ पासून घडियाल-संवर्धनाचे केंद्र चालविले आहे. त्या दशकात घडियाल ही लांब निमुळत्या तोंडाची सुसर उत्तरेकडील नद्यांतून जवळजवळ नामशेष होण्याच्या बेतात होती. नदीकाठची अंडी आणून येथे उबवावयाची, पिल्ले मोठी करावयाची आणि पुन्हा नदीत सोडावयाची, असे हे काम. सुटीच्या दिवशी इंदिरा नगरातील कुटुंबे मुलांना घेऊन तेथे जातात. हौदाच्या कठड्यावरून पाहिले, की घडियालाच्या मानेवर आणि पाठीवर चौकोनी ढालींच्या रांगा स्पष्ट दिसतात. त्या प्रत्येक ढालीच्या पोटात हाडाची चकती असते. पोटाकडील खवले मात्र नुसतेच कातड्याचे. त्यांत हाड नाही. हाच प्राणी चिखलात गाडला गेला आणि लक्षावधी वर्षांनी त्याचे अवशेष वर आले, तर पाठीची ढाल उरेल आणि पोटाचे खवले जातील. प्रौढ नराच्या नाकावर घड्यासारखा जो फुगवटा असतो, ज्यावरून त्याला घडियाल हे नाव पडले, तो मांसल असल्यामुळे नाहीसा होईल आणि हाडावर त्याची खूण म्हणून एक खळगी तेवढी राहील. सांगाडा हा प्राण्याचा जमाखर्च आहे असे मानले, तर त्यातील बऱ्याचशा रकमा अशा रीतीने गळालेल्या असतात.

आता जबलपूरकडे वळू. भारतातील डायनासोरांच्या शोधाचा आरंभ तेथून होतो, आणि गंमत अशी की तो आरंभ करणाऱ्या माणसाचा लखनौशीही संबंध आहे. विल्यम हेन्री स्लीमन हे नाव आपण ठगांच्या बंदोबस्ताच्या संदर्भात ऐकलेले असते. हाच स्लीमन पुढे १८४९ ते १८५६ या काळात लखनौच्या दरबारी इंग्रजांचा रेसिडेंट होता. पण त्याच्या कितीतरी आधी, १८२८ साली, कॅप्टन असताना त्याने जबलपूरच्या छावणीजवळील बडा सिमला नावाच्या टेकडीवरून काही दगड झालेली हाडे गोळा केली. त्या वेळी डायनासोर हा शब्दच अस्तित्वात नव्हता. रिचर्ड ओवेन यांनी तो घडविला १८४२ साली. स्लीमनची हाडे कलकत्त्यास पोचली, आणि जवळजवळ पन्नास वर्षांनी, १८७७ साली, रिचर्ड लिडेकर यांनी त्यांतील शेपटीच्या मणक्यांवरून ‘टायटनोसौरस इंडिकस’ हे नाव ठेवले. हा लांब मानेचा, झाडपाला खाणारा अवाढव्य प्राणी. त्याच्या नावावरून एका मोठ्या घराण्याला टायटनोसौर म्हणतात.

ज्या थरांतून ही हाडे निघाली त्यांना ‘लमेटा’ म्हणतात. जबलपूरजवळच्या नर्मदेच्या लमेटा घाटावरून हे नाव पडले. हे थर जबलपूरपासून गुजरातेतील खेडा भागापर्यंत आणि खाली विदर्भात चंद्रपूर जिल्ह्यापर्यंत तुटकतुटक पसरलेले आहेत. बऱ्याच ठिकाणी त्यांच्यावर आपल्या दख्खनच्या काळ्या पाषाणाचे थर चढलेले आहेत. म्हणजे ज्या लाव्ह्याने सह्याद्री रचला, त्याने या प्राण्यांच्या भूमीवर झाकण घातले असे म्हणावयास हरकत नाही.

पहिल्या महायुद्धाच्या सुमारास चार्ल्स आल्फ्रेड मॅटली या गृहस्थाने बडा सिमला टेकडीवर पद्धतशीर खोदकाम केले. सरकारी नोकरी सांभाळून भूगर्भशास्त्राचा व्यासंग करणारा हा माणूस होता. एका थरात त्याला कमरेची हाडे, माकडहाडाजवळचे जुळलेले मणके, पायाचे एक नळीचे हाड, आणि त्यांच्या आसपास हाडाच्या पुष्कळ चकत्या मिळाल्या. चकत्या कवचाच्या आहेत हे उघड होते. हाडे आणि कवच एका ठिकाणी मिळाली. तेव्हा ती एकाच प्राण्याची, असे मॅटलीने मानले आणि १९२३ च्या सुमारास भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्याच्या पत्रिकेत एका नव्या कवचधारी डायनासोराची घोषणा केली. त्याचे नाव ‘लमेटासौरस इंडिकस’. कवचधारी डायनासोर हे सारे शाकाहारी, संथ चालीचे प्राणी. त्यांच्या पंक्तीला हा भारतीय प्राणी जाऊन बसला.

बारा वर्षे गेली. १९३५ साली काशी हिंदू विश्वविद्यालयातील दि. कृ. नव्हे, तर आपल्या निबंधांवर डी. के. चक्रवर्ती अशी सही करणाऱ्या एका भारतीय अभ्यासकाने अमेरिकेतील एका मान्यवर शास्त्रीय पत्रिकेत एक निबंध लिहिला. निबंधाचे शीर्षकच प्रश्नार्थक होते. लमेटासौरस हा कवचधारी डायनासोर आहे काय? त्यांचे उत्तर नकारार्थी होते. कमरेची व पायाची हाडे मांसभक्षकाची ठेवण दाखवितात, आणि कवचाच्या चकत्यांचा मालक वेगळा असला पाहिजे. ज्याला आपण एक प्राणी समजलो, ते दोन प्राण्यांचे मिश्रण आहे. गुलामीच्या काळात, एका इंग्रज अधिकाऱ्याने प्रस्थापित केलेल्या मताविरुद्ध, केवळ हाडांच्या ठेवणीच्या बळावर केलेले हे प्रतिपादन होते. चक्रवर्तींचे नाव आपल्या पाठ्यपुस्तकांत सहसा भेटत नाही. ते भेटावयास हवे.

पण मॅटलीची चूक समजून घेणेही तितकेच आवश्यक आहे, कारण ती कोणाच्याही हातून घडण्यासारखी होती. नदीच्या पुराने वाहून आणलेली हाडे एका ठिकाणी साचतात तेव्हा त्यांत नाना प्राणी असतात. आम्हा कचेरीतील माणसांना हे उदाहरणाने चटकन कळते. एखाद्या फाइलीतून कागद सुटला आणि कोणी तो शेजारच्या फाइलीत लावून ठेवला, तर दहा वर्षांनी ती फाइल उघडणारा अधिकारी तो कागद तिच्यातलाच समजतो. कागद खोटा नसतो, त्यावरची सही खरी असते, शिक्का खरा असतो. खोटी असते ती त्याची जागा. म्हणूनच जुने कारकून कागदाला दोऱ्याने ओवीत, पानांवर आकडे घालीत, आणि त्या आकड्यांना मजकुराइतकेच महत्त्व देत. बडा सिमला टेकडीवरील चकत्या अस्सल होत्या. त्या दुसऱ्याच्या फाइलीला लागल्या होत्या, इतकेच.

मग ते कवच कोणाचे? या प्रश्नाच्या उत्तराचा धागा खरे म्हणजे आधीच हाती आलेला होता. १८९६ साली शार्ल देपेरे या फ्रेंच शास्त्रज्ञाने मादागास्कर बेटावरील टायटनोसौराच्या हाडांबरोबर कवचाचा तुकडा नोंदवून तो त्याच प्राण्याचा असावा असे म्हटले होते. पण लांब मानेच्या प्रचंड शाकाहारी डायनासोरांना कवच असेल हे पुष्कळांच्या मनाला पटेना. पुढे १९८० साली अर्जेंटिनात होसे बोनापार्त आणि हाइमे पॉवेल यांनी ‘साल्टासौरस’ या टायटनोसौराचे वर्णन केले. त्याच्या सांगाड्याबरोबर कवचाच्या चकत्या होत्या, आणि आता शंकेला फारशी जागा उरली नाही. भारतातील टायटनोसौरांच्या कवचाचा निर्विवाद पुरावा २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका निबंधात मांडण्यात आला. असे हे जबलपूरचे कवच हिंस्र प्राण्याच्या अंगावरून उतरले आणि त्याच्या शिकारीच्या अंगावर गेले.

कवच उतरविल्यावर आपला भारतीय मांसभक्षक उघडा पडला. १९३३ साली जर्मन शास्त्रज्ञ फ्रीडरिश फॉन ह्यूने यांनी मॅटलीसह लिहिलेल्या ग्रंथात जबलपूरच्या ‘इंडोसुकस’ व ‘इंडोसौरस’ या मांसभक्षकांची नावे दिली, पण ती कवटीच्या तुकड्यांवरून. पुढे गुजरातेतील बालासिनोरजवळच्या रहिओली गावी भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या अधिकाऱ्यांनी, विशेषतः सुरेश श्रीवास्तव यांनी, १९८० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत मोठ्या परिश्रमाने हाडे गोळा केली. हाडे कशी कोठे पडली होती याचा नकाशा त्यांनी काढून ठेवला. त्या नकाशाच्या आधाराने २००३ साली एका मांसभक्षकाचे वर्णन प्रसिद्ध झाले आणि त्याला नाव मिळाले ‘राजासौरस नर्मदेन्सिस’, नर्मदेचा राजा. लेखकांत श्रीवास्तवांबरोबर अशोक साहनी, अशू खोसला, जेफ्री विल्सन व पॉल सेरेनो ही नावे आहेत. त्याच्या डोक्यावर एक बुटके गोलसर शिंग होते. हे सारे हाडांनी सांगितले. त्या शिंगावर आवरण कसले होते, आणि राजाचा अंगरखा कसा होता, हे मात्र हाडे सांगत नाहीत.

अशा वेळी माणूस जे करतो तेच शास्त्रज्ञ करतात. ते भाऊबंदांकडे चौकशी करतात. राजासौरस ज्या घराण्यातला, त्याला ‘अबेलिसौर’ म्हणतात. आखूड तोंडाची, अगदी तोकड्या हातांची ही मांसभक्षकांची शाखा. भारत, मादागास्कर, आफ्रिका आणि दक्षिण अमेरिका हे भूभाग एके काळी गोंडवनभूमीत जोडलेले होते, आणि म्हणून या घराण्याचे अवशेष या सर्व ठिकाणी मिळतात. गोंडवन हे नावही आपल्या मध्य प्रांतातल्या गोंडांवरून पडलेले आहे, हे विदर्भातील श्रोत्यांना मी सांगावयास नको.

१९८४ साली अर्जेंटिनाच्या पाटागोनिया प्रदेशात चुबुत प्रांतातील एका गुरेचराईच्या मळ्यात या घराण्यातील एक जवळजवळ संपूर्ण सांगाडा मिळाला. ज्यांनी साल्टासौरसाचे कवच ओळखले तेच बोनापार्त येथेही होते. १९८५ साली त्यांनी त्याला ‘कार्नोटौरस सास्त्रेई’ असे नाव दिले. कार्नोटौरस म्हणजे मांस खाणारा बैल, कारण डोळ्यांवर बैलासारखी दोन शिंगे. सास्त्रेई हे ज्याच्या जमिनीत तो मिळाला त्या मालकाच्या नावावरून. प्राणी उजव्या कुशीवर पडला होता, हाडे एकमेकांना धरून होती, आणि हाडांलगतच्या दगडावर मान, खांदा, छाती व शेपूट या भागांच्या कातड्याचे ठसे उमटलेले होते. मांसभक्षक डायनासोराच्या अंगाचे इतक्या ठिकाणचे ठसे एकाच सांगाड्यावर मिळावेत हे अपूर्व होते. येथे ‘हे कातडे कोणाचे’ असा प्रश्नच उद्भवला नाही, कारण मालक स्वतः त्याला चिकटून पडलेला होता.

ठशांत दिसले ते असे. अंगभर लहान लहान, अनियमित आकाराच्या खवल्यांची फरसबंदी. एकेक खवला चौदा मिलिमीटरांहून लहान, म्हणजे आपल्या शेंगदाण्याएवढा किंवा त्याहून बारीक. या फरसबंदीत अधूनमधून मोठे, शंकूच्या आकाराचे उंचवटे, काही पासष्ट मिलिमीटरांपर्यंत रुंद. चिंचोक्यांच्या राशीत मध्येच एखादी सुपारी ठेवावी तसे. हाडाची चकती त्यांत नव्हती. पुष्कळ वर्षे हे मोठे उंचवटे पाठीच्या बाजूने ओळीत मांडलेले असावेत अशी समजूत होती, आणि चित्रकारांनी तसेच रंगविले. २०२१ साली क्रिस्टोफ हेंड्रिक्स आणि फिल बेल यांनी सर्व ठसे पुन्हा तपासले, तेव्हा ओळींचा मागमूस दिसेना. उंचवटे विखुरलेले होते. इतक्या मोठ्या व चपळ प्राण्याला अंगातील उष्णता बाहेर टाकण्यास असे उंचसखल कातडे उपयोगी पडत असावे, असा तर्क त्यांनी मांडला आहे. तर्क म्हणूनच तो घ्यावयाचा.

तेव्हा जबलपूरच्या मांसभक्षकाला आता कवचाऐवजी हे खवल्यांचे कातडे घालावे काय? घराणे एक असल्यामुळे तसे मानणे सयुक्तिक आहे. पण येथेही हात आखडता घेतलेला बरा. अमेरिकेतील प्रसिद्ध टिरानोसौरस रेक्स याच्या मान, कंबर व शेपटी या भागांचे ठसे २०१७ साली प्रसिद्ध झाले. त्यांत मिलिमीटरभराचे बारीक खवले आहेत, खसखशीच्या वड्यांवर खसखस दिसावी इतके बारीक. याउलट त्याचाच एक दूरचा भाऊबंद, चीनमधील ‘युटिरॅनस’, नऊ मीटर लांबीचा असूनही पिसांसारख्या तंतूंनी झाकलेला होता. हे २०१२ साली निश्चित झाले. एकाच विस्तृत कुळात एकाच्या अंगावर खवले आणि दुसऱ्याच्या अंगावर पिसे. भावाचा अंगरखा भावाला बहुधा येतो, पण नेहमी येतोच असे नाही. म्हणून शास्त्रज्ञ राजासौरसाचे चित्र काढताना खवले दाखवितात, आणि वर्णन लिहिताना हाडांपलीकडे पाऊल टाकत नाहीत. हा संयम शिकण्यासारखा आहे.

कातड्याचा ठसा मुळात टिकतो कसा, हा प्रश्न येथे सहज मनात येईल. जुना समज असा की प्राणी मरताच तो ताबडतोब गाळाखाली पुरला गेला तरच कातडे राहील. हा समज आता पुरेसा वाटत नाही. उत्तर अमेरिकेतील ‘एडमोंटोसौरस’ या शाकाहारी डायनासोराची कातड्यासह सुकलेली शरीरे मिळालेली आहेत. त्यांपैकी एकावर २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले की मृतभक्षकांनी कातडे फाडल्यामुळे आतील द्रव व वायू निघून गेले, आणि उरलेले कातडे हाडांवर सुकून घट्ट बसले. आपल्याकडे दुष्काळात माळावर पडलेल्या गुराचे शरीर पाहिलेल्या शेतकऱ्याला यात नवल वाटणार नाही. आतले सारे जाते, कातडे मात्र ढोलाच्या पानासारखे ताणून राहते. मग केव्हातरी पूर येतो आणि बारीक गाळ त्यावर बसतो. २०२५ साली पॉल सेरेनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले की अशा काही शरीरांचे कातडे स्वतः उरलेलेच नाही. त्याच्या पृष्ठभागावर चढलेला चिकणमातीचा अतिशय पातळ मुखवटा तेवढा उरला आहे. राजासौरसाच्या निबंधावर ज्यांची सही आहे, तेच हे सेरेनो.

आपले लमेटा थर बरेचसे चुनखडीयुक्त जमिनींचे, उथळ पाण्याचे आणि पुराच्या मैदानांचे आहेत. तेथे हाडे बहुधा सुटी होऊन विखुरली. म्हणून ठशाची आशा कमी, पण कमी म्हणजे शून्य नव्हे. चंद्रपूर जिल्ह्यात वरोरा तालुक्यात पिसदुरा नावाचे गाव आहे. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांच्या काळापासून ते अश्मीभूत हाडांसाठी प्रसिद्ध आहे. तेथे डायनासोरांची दगड झालेली विष्ठाही मिळते. लखनौस बिरबल साहनी यांनी १९४६ साली स्थापन केलेल्या संस्थेतील वंदना प्रसाद यांनी सहकाऱ्यांसह ती तपासली, आणि तिच्यात गवताच्या पेशींतील वाळूसारखे सूक्ष्म कण सापडल्याचे २००५ साली जगापुढे मांडले. डायनासोरांच्या काळात गवत होते हे त्यामुळे सिद्ध झाले. विदर्भातल्या शेतातील गोटा लखनौच्या सूक्ष्मदर्शकाखाली गेला आणि जगातील पाठ्यपुस्तके दुरुस्त झाली. विष्ठेतला गवताचा कण जेथे टिकतो, तेथे एखाद्या चिखलाच्या पापुद्र्यावर कातड्याची खूण टिकणार नाही, असे कोणी छातीठोकपणे म्हणू नये.

मात्र ती खूण ओळखताना सावध राहिले पाहिजे. सुकलेल्या चिखलाला पडणाऱ्या भेगाही खवल्यांसारख्याच बहुकोनी असतात. आणि ही गफलत केवळ अडाण्याची होते असे नाही. सुसरीच्या तोंडावरील खवले कसे बनतात याचा शोध जिनिव्हा येथील मिशेल मिलिंकोविच यांनी घेतला. २०१३ साली त्यांच्या गटाने असे मांडले की हे खवले अंगावरील इतर खवल्यांप्रमाणे एकेक करून उगवत नाहीत. वाढत्या जबड्यावर कातडे ताणून भेगाळते आणि त्या भेगांनी खवले पडतात, चिखल तडकावा तसे. २०२४ साली त्याच गटाने अंड्यातील पिल्लांवर प्रयोग करून आपलेच मत सुधारले. कातडे हाडापेक्षा वेगाने वाढते, दाबले जाते आणि त्याला घड्या पडतात. त्या घड्या म्हणजेच खवल्यांच्या सीमा. कुकरैलच्या हौदातील घडियालाचे तोंड पाहताना मला हे आठवते. जिवंत प्राणी समोर असताना त्याच्या तोंडावरील रेघांचा अर्थ लावावयास माणसाला इतका काळ लागला. मग सात कोटी वर्षांपूर्वीच्या प्राण्याबाबत जबलपुरास घोटाळा झाला, तर त्यात हसण्यासारखे काय आहे?

श्रोतेहो, या हकीकतीतून मला जे सांगावयाचे आहे ते आता थोडक्यात सांगतो. पाटागोनियातील ठसा आणि जबलपूरच्या चकत्या, दोन्ही अस्सल होत्या. एकीने ज्ञान दिले आणि दुसरीने साठ-सत्तर वर्षे संभ्रम दिला. फरक वस्तूत नव्हता. पहिली वस्तू आपल्या जागी होती, दुसरी जागेवरून हललेली होती. पाटागोनियात हाड आणि कातडे एकाच दगडात होते. अवशेषाचे निम्मे मोल तो कोठे, कशाशेजारी, कोणत्या थरात पडला होता यात असते, आणि ते मोल उचलताक्षणी नाहीसे होऊ शकते. नोंदीचे महत्त्व किती हे स्लीमनच्या हाडांनीही शिकविले आहे. टायटनोसौरसाचे मूळ मणके कित्येक वर्षे हरवल्यात जमा होते. २०१२ साली धनंजय मोहबे आणि शुभसिस सेन यांनी कलकत्त्याच्या सरकारी संग्रहात शोध घेतला, तेव्हा कपाटातून त्यांतला मणका पुन्हा हाती लागला. कपाटाला कुलूप होते आणि वस्तूवर खूण होती, म्हणून तो सापडू शकला.

आपल्या मुलखात विहिरी खणल्या जातात, रस्त्यासाठी मुरूम काढला जातो, चुनखडीच्या खाणीत सुरुंग लागतात. रहिओलीची हाडेही खाणीच्या भागातच उजेडात आली. चंद्रपूर, नागपूर, जबलपूर या पट्ट्यातील एखाद्या शेतकऱ्याच्या नांगराला, पाथरवटाच्या छिन्नीला किंवा शाळकरी मुलाच्या पायाला उद्या काय लागेल, कोणी सांगावे? अशी वस्तू घरी आणून देव्हाऱ्यात ठेवू नये, बाजारात विकू नये, आणि ‘नीट दिसावी’ म्हणून घासूनही काढू नये, कारण ठसा असलाच तर तो त्या वरच्या पापुद्र्यावरच असावयाचा. ती जेथे आहे तेथेच राहू द्यावी. जवळ पट्टी किंवा नाणे ठेवून छायाचित्र घ्यावे, गट नंबर टिपून ठेवावा, आणि तहसीलदारामार्फत भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्याला किंवा जवळच्या विद्यापीठाला कळवावे. नागपुरास या खात्याचे मोठे कार्यालय आहे. अशा स्थळांच्या संरक्षणासाठी एका कायद्याचा मसुदा केंद्र सरकारने २०२२ साली लोकांपुढे ठेवला. पण कायदा खाणीच्या तोंडाशी अहोरात्र उभा राहू शकत नाही. तेथे उभा असतो तो खाणीतला मजूर, आणि त्याचा शब्द मोलाचा मानणारा एखादा तलाठी किंवा शिक्षक.

नर्मदेच्या राजाला आपण एकदा भलताच अंगरखा घातला आणि तो उतरवावयास एका भारतीय अभ्यासकाला पुढे यावे लागले. त्याचा खरा अंगरखा, मिळावयाचा असेल तर, कुठल्यातरी चिखलाच्या पापुद्र्यावर उमटून आपली वाट पाहत असेल. तो आपल्या हाती लागेल तेव्हा त्याच्या शेजारचे हाड शेजारीच राहिलेले असावे, एवढी काळजी आपण घेऊ शकतो.